पडद्यावरचा कौल

"माणसं उलटी आलीत," मी म्हटलं.

टीव्हीवर आमच्या गावचा अंकुश डोकं खाली, पाय वर असा उभा होता. त्याच्या मागे त्याची म्हैस, तीही तशीच, आभाळाला लटकल्यासारखी रवंथ करत होती.

"सरळ होतील," सुहास म्हणाला. "चित्र आलं हे काय थोडं आहे?"

सुहास माझा मुलगा. कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. त्याच्या टीव्हीखाली एक काळा डबा असे. लग्नाआधी कधीतरी घेतलेला. सिनेमे, बारशाची चित्रं, गावची जत्रा, सगळं त्यात भरून ठेवलेलं, आणि तो तारेनं टीव्हीला जोडलेला. फोनमधलं चित्र तारेशिवाय घ्यायची सोय त्या डब्यात मुळात नव्हती. ती पुढे कुणीतरी तयार केली होती, आणि सुहास आदल्या दिवसापासून ती डब्यात घालत बसला होता.

"हा डबा मी भंगारात दिला होता," सून रसिका मला म्हणाली. "हे भंगारवाल्याच्या मागे चौकापर्यंत धावले. बनियनवर."

"आता उपयोगी पडतोय ना?"

"पडू दे, मग बोला."

सुहासनं रिमोट घेतला आणि एकेक पर्याय बदलायला सुरुवात केली. एकदा चित्र आडवं झालं, एकदा नुसता काळा पडदा आला. मग अंकुश आणि म्हैस दोघंही जमिनीवर पाय टेकून उभी राहिली.

"झालं," सुहास म्हणाला. "आता कुणी हात लावायचा नाही."

"आवाज?" रसिकानं विचारलं.

आवाज येत नव्हता. टीव्हीतूनही नाही आणि फोनमधूनही नाही. चित्र डब्यात पोचत होतं, आवाज मध्येच कुठेतरी राहत होता.

पलंगावरून वन्सं म्हणाल्या, "आवाज नको. कौल काय कानान घेतत?"

वन्सं म्हणजे माझी नणंद, सुहासची आत्या. कमी वयात नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेल्या, आणि माझे यजमान गेल्यावर आम्ही दोघीच त्या घरात राहिलो. त्यांच्या पोटात गाठ होती. कोल्हापूरचे डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, "उद्या संध्याकाळपर्यंत दाखल व्हा, परवा सकाळी काढतो. उद्या चुकलं तर पुढची तारीख महिन्यानं. आणि गाठ महिनाभर थांबेल असं मी सांगणार नाही."

वन्सं त्यांना म्हणाल्या होत्या, "देवीक इचारतंय आणि सांगतंय."

आमच्याकडे मोठं काही करायचं तर गावदेवीचा कौल लावतात. आमची देवी पावणाई. ती मूर्ती नाही, पाषाण आहे. हात नाहीत, तोंड नाही. गुरव तिच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. देवीच्या उजव्या अंगाची कळी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. आणि ज्याचं काम त्यानं कौल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो. दुसऱ्यानं येऊन सांगितलेला कौल आमच्या घरात कधी कुणी मानला नाही.

घाट उतरून गावी जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मोतीबिंदूमुळे वन्संना फोनवरचं काही दिसत नसे. म्हणून टीव्ही, आणि म्हणून तो डबा. रसिका मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "आई, आणि नकार आला तर?" मी तिला सांगितलं, "पाणी तापव." दुसरं काय सांगणार?

सकाळची पूजा आटोपली की अंकुश देवळातून पुन्हा तसाच चित्राचा फोन लावणार होता. वन्संनी आंघोळ केली, नवं लुगडं नेसल्या. टीव्हीसमोरच्या चपला, पायपुसणं, सुहासची बॅग, सगळं रसिकाला हलवायला लावलं. डब्यावर उदबत्ती लावायला सांगितली.

"आत्या, डब्यात राख जाईल," सुहास म्हणाला.

"जाऊ दे. देवी येतली त्या वाटेन."

उदबत्ती शेवटी टीव्हीशेजारी वाटीत लावली. रसिकानंही डोक्यावर पदर घेतला. एरवी तिला पदराचा त्रास व्हायचा.

सुहासनं फोन खिडकीत ठेवला, रेंज तिथंच बरी मिळत असे. फोनची घंटी वाजली, पडद्यावर आधी धूर दिसला, मग समईचा उजेड, आणि मग पावणाई. इतकी मोठी, की मला वाटलं आपण उंबऱ्यालाच उभ्या आहोत. वन्संनी हात जोडले. मान पुढे काढून पडदा बघितला आणि म्हणाल्या, "देवळ आमचाच मां ह्या?"

"म्हणजे?" सुहास म्हणाला.

"परक्यासारखा वाटता."

"शिमग्याला नवा रंग दिलाय, आत्या. म्हणून."

त्या पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या. मीही पडद्याकडे बघत होते, पण माझं लक्ष देवीकडे नव्हतं. गाभाऱ्याच्या भिंतीत वन्सं दिवा लावत तो कोनाडा आहे आणि त्याखाली काळ्या रंगानं भरलेल्या मोठ्या अक्षरांची फरशी आहे. माझ्या सासऱ्यांच्या नावाची. देवळात लाद्या घातल्या तेव्हाची.

त्या फरशीशी माझं जुनं नातं आहे. मी शाळेत गेलेली नाही. गावात मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा सुहास कॉलेजात होता. वर्ग संध्याकाळी, चुलीच्या वेळेला. मी जाणार नव्हते. वन्संनी माझ्या हातातली पळी काढून घेतली. "तू जा. चूल मी बघतंय. दोघांनी अडाणी रवान काय फायदो?" तसं करत मी शिकले. वर्गाबाहेर आयुष्यात पहिल्यांदा काही वाचलं असेल तर ती ही फरशी. वन्सं दिवा लावत होत्या आणि मी बोट ठेवून एकेक अक्षर जोडत होते. धों, मग डू. जोडून झालं आणि मी मोठ्यानं म्हटलं तेव्हा वन्सं हसून खालीच बसल्या. "गो, सासऱ्याचा नाव घेतलंस." आमच्याकडे सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तोंडावर हात ठेवला, पण अक्षरं तोंडातून निघून गेली होती.

तर त्या दिवशी टीव्हीवर ती फरशी स्पष्ट दिसत होती, आणि मला तिच्यातलं एकही अक्षर वाचता येईना.

मी डोळे पुसले, पुन्हा बघितलं. रेघा होत्या, गोल होते, काने होते. पण अक्षर एकही ओळखीचं नाही. माझ्या वर्गातल्या एका बाईची अक्षरं म्हातारपणी गेली होती. सही करायची म्हटली की हात हवेत राहायचा. मला वाटलं, झालं, आपलीही पाळी आली. पण ती वेळ ते बोलायची नव्हती.

गुरवाची बोटं पडद्यावर आली. दोन्ही अंगांना कळ्या लागल्या. बोटं बाजूला झाली. आता तो गाऱ्हाणं घालत असणार, मागची माणसं "होय म्हाराजा" म्हणत असणार, पण आमच्यापर्यंत त्यातलं काहीच येत नव्हतं. उदबत्तीचा धूर आमच्या खोलीत आणि समईचा धूर पडद्यात. रसिका माझा हात धरून बसली होती.

कळी पडली.

आणि चित्र तिथंच थांबलं. धूर थांबला, समईची ज्योत थांबली. सुहास खिडकीकडे धावला. "रेंज गेली तिकडची," तो म्हणाला.

पण बघायचं ते दिसलं होतं. देवी आपल्या समोरासमोर असते, म्हणून तिची डावी बाजू ती बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. पडलेली कळी आमच्या उजव्या हाताला होती.

वन्संनी उजव्या हाताचं बोट पडद्याकडे केलं, मग खाली घेतलं.

"डावो पडलो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. मग माझ्याकडे वळल्या. "सगुणा, गाठोडा बांध. माका घराक व्हरा."

सुहास टीव्ही बंद करायला गेला तर म्हणाल्या, "देवीक बंद करतंस? हात लावू नको. आपसूक जाईत तेव्हा जाईत." म्हणून ते थांबलेलं चित्र तसंच राहिलं. रसिकानं उदबत्ती बदलली.

त्यानंतरची दुपार मला अजून आठवते. कुणी नीट जेवलं नाही. सुहास रसिकाच्या फोनवरून अंकुशला फोन लावत होता, लागत नव्हता. मधेच येऊन तो आत्यासमोर बसला.

"आत्या, डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग, देवी नको म्हणाली."

"ते ऐकतील का?"

"तेंका ऐकूचा नसात तर नको. पोट माझा."

"पोट तुमचं, पण आत्या कुणाची?"

त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांनीच त्याला वाढवला होता. मी शेतावर, तो त्यांच्या कडेवर.

ऊन उतरायला लागलं तेव्हा रसिकाचा फोन वाजला. अंकुश. रेंजसाठी गावावरचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, चढून गेला होता, त्याला धाप लागली होती. सुहासनं फोनचा आवाज मोठा केला.

"काकी, उजवो," अंकुश म्हणाला. "सरळ उजवो कौल. तातू गुरव म्हणाले, असो साफ कौल खूप दिवसांत नाय दिल्यान देवीन. निघालास मां हॉस्पिटलात?"

रसिकानं डोळ्यांना पदर लावला. सुहास खुर्चीत बसला. मी वन्संकडे बघितलं. त्या भिंतीकडे तोंड करूनच होत्या.

"ऐकलंत, आत्या?"

"ऐकलंय. तुमी सगळे एक झालात." त्या उठून बसल्या. "अंकुशाक तू सांगलंस काय बोलूचा ता. सकाळपासून फोन लावतंस तो कित्याक?"

"आता लागला तो पहिलाच फोन, आत्या."

"मी डोळ्यांनी बघलंय. माझ्या मायेपायी खोटा बोलतास, बोला. पण देवीच्या नावान नको."

सुहास काही बोलायला गेला, मी त्याला खुणेनं थांबवलं. अंकुश शपथा घेत होता, गुरवाला आणून उभा करतो म्हणत होता. पण गुरव आला असता तरी तो दुसऱ्यानं सांगितलेलाच कौल. वन्संना मी जन्मभर ओळखत होते. त्या आता हलणार नव्हत्या.

"केस इंचर माझे," त्या मला म्हणाल्या. "परवासाक जावचा हा."

मी त्यांच्या मागे बसले. त्यांच्या फणीच्या पेटीला झाकणात आरसा आहे, तो मी समोर धरून दिला. त्यांचे केस सोडले, आणि फणी लावता लावता आरशात माझं लक्ष गेलं. आमच्या मागच्या भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर होतं. आरशात त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसत होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. रेघा होत्या, गोल होते, काने होते.

मी मान वळवून कॅलेंडरकडे बघितलं. म-सा-ले. मसाले. घरगुती मसाले. सगळं वाचता आलं. पुन्हा आरशात बघितलं, पुन्हा नाही.

मी फणी खाली ठेवली.

"काय झाला?" वन्सं म्हणाल्या.

"सुहास," मी म्हटलं, "तू सकाळी माणसं सरळ केलीस ती कशी केलीस?"

"कशी म्हणजे? रिमोटनं. का?"

"उलटी होती ती गोल फिरवून सरळ केलीस, की आरशासारखी पालटून?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टीव्हीकडे. तोंडातल्या तोंडात काही म्हणाला आणि रिमोट घ्यायला उठला.

"थांब," मी म्हटलं. "तू बदललंस तर त्या म्हणतील, देवीला हात लावला. आहे ते असू दे."

मी पेटी उचलून वन्संच्या पुढ्यात धरली. "वन्सं, जरा वळान बसा. टीव्हीकडे पाठ करून."

"देवीक पाठ करू?"

"पाठ नाय. देवी आरशात समोरच असा."

"तुका काय झाला गो?"

"तुमीच म्हणालात मां, देवळ परक्यासारखा वाटता. माकाही वाटला. सासऱ्यांची फरशी माका वाचूक येय नव्हती. माका वाटला माझी अक्षरां गेली. मी कोणाक बोललंय नाय."

त्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मग पडद्यासमोर वाकून नमस्कार केला, "चुकला तर पदरात घे" म्हणाल्या आणि हळूहळू पाठ करून बसल्या. रसिकानं खिडकीचा पडदा ओढून उजेड कमी केला. मी आरसा त्यांच्या डोळ्यांजवळ नेला, थोडा कलता केला, त्यात टीव्ही येईपर्यंत.

आधी त्यांना काही सापडलं नाही. मग त्यांनी माझं मनगट धरून आरसा स्वतःच स्थिर केला.

"माझो कोनाडो," त्या म्हणाल्या.

मी आरसा तसाच धरून ठेवला.

"हय मी दिवो लावतंय. ह्या हाताक. सकाळी तो त्या हाताक होतो." त्यांनी आपला डावा हात बघितला, पुन्हा आरशात बघितलं. "ह्या आमचा देवळ."

"आणि कळी?" सुहासनं मागून विचारलं.

वन्संनी त्याला गप्प बसायची खूण केली. मला म्हणाल्या, "फरशी दिसता तुका?"

"दिसता."

"वाच."

"सासऱ्यांचा नाव असा ता."

"तेव्हा घेतलंस मां? आता लाजतंस? मोठ्यान वाच."

मी त्यांच्या खांद्यावरून आरशात बघितलं आणि वाचलं. कै. धोंडू सखाराम परब यांचे स्मरणार्थ. एकही अक्षर अडलं नाही.

वन्सं ऐकत होत्या. त्यांच्या वडिलांचं नाव त्या घरात पुष्कळ वर्षांनी कुणी मोठ्यानं घेतलं असेल. मग त्यांनी आरशातल्या देवीकडे बघितलं, पडलेल्या कळीवर काचेवरूनच बोट ठेवलं.

"म्हणजे पावणाईन होय म्हटल्यान."

"होय."

"आणि नाय म्हटल्यान तो ह्या डब्यान."

रसिका आधी हसली की आधी रडली ते सांगता येणार नाही. सुहास डब्यासमोर मांडी घालून बसला होता, मान खाली घालून. वन्सं वळल्या, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "ऊठ मेल्या. डॉक्टराक फोन कर. माझे केस अजून मोकळे असत आणि तू बसलंस काय?"

गाठ निघाली. साधी निघाली. वन्सं त्यानंतर खूप वर्षं माझ्याशी भांडायला होत्या. सुहासनं पुढे मोठा टीव्ही घेतला, पण तो डबा काही त्यानं टाकला नाही, आणि रसिकानंही पुन्हा भंगारवाल्याला बोलावलं नाही.

मला मात्र त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते दवाखान्यात पोचल्यावरचं. दिवेलागण व्हायची होती. वन्संना चाकांच्या पलंगावर घेतलं होतं आणि आत न्यायला कुणी यायचं होतं. मी शेजारी उभी होते. समोरच्या भिंतीवर पाट्या होत्या. मी पहिली वाचली. मग दुसरी. मग कोपऱ्यातली लहान अक्षरांची. शांतता राखा. येथे थुंकू नये. क्ष-किरण विभाग, ह्याला थोडा वेळ लागला, पण आला. सगळी अक्षरं जागच्या जागी, सरळ उभी होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काय बघतंस?" वन्संनी पडल्या पडल्या विचारलं.

"पाट्या वाचतंय."

"येता वाचूक?"

"येता."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "ती दारावरची काय म्हणता?"

मी वाचलं. "चपला बाहेर काढाव्यात."

"मगे काढ."

मी खाली बघितलं. मी चपला घालूनच उभी होते. त्या काढल्या आणि त्यांच्या पलंगाखाली ठेवल्या.